मखमली फडक्यातलं वेळापत्रक

१

रविवारी दुपारी सव्वा वाजता मलकाबाईंनी निळ्या मखमली फडक्याची गाठ सोडली आणि आतून रेल्वेचं वेळापत्रक निघालं.

निघायला हवं होतं त्यांच्या वडिलांचं प्रार्थनेचं पुस्तक. मलकाबाईंचं वय ऐंशी, नजर अधू. पण बोटांना फसवणं सोपं नसतं. त्यांनी गुळगुळीत कव्हरावरून हात फिरवला, फडकं पुन्हा चाचपलं आणि माझ्याकडे मान वळवली.

"गो कल्पना, हे काय ठेवलंय ह्यात?"

मी वाकून पाहिलं. पुस्तक पालथं होतं. मागच्या कव्हरावरची कुकरची जाहिरात वर, सरळ वाचता येईल अशी. उलटून पाहिलं तर आमचंच! दक्षिण विभाग, जुलै २००९.

"अहो!" मी हाक मारली.

आमचे हे, म्हणजे पद्माकर, चहाचं गाळणं हातात घेऊन बाहेर आले. वेळापत्रक दिसताच त्यांचा चेहरा उजळला. "सापडलं? मी सकाळपासून शोधतोय!" निवृत्त शास्त्रज्ञ माणूस, पण जुनी वेळापत्रकं कादंबरीसारखी वाचतो. त्या खोलीत आनंद झालेले ते एकटेच.

थोडं मागून सांगते. मी कल्पना. बेंगळुरूच्या एका टेलिफोन कारखान्यात एकतीस वर्षं तपासणी विभागात होते. दिवसाला चारशे सुटे भाग डोळ्यांखालून घालायचे आणि वाकडा असेल तो बाजूला काढायचा. निवृत्त झाल्यावर महादेवपुऱ्यातल्या आमच्या घराच्या वरच्या दोन खोल्या पाहुण्यांना द्यायला लागले. माल बदलला, डोळा तोच राहिला.

ह्या वेळचे पाहुणे होते बेने इस्राएली. घरात मराठी बोलणारे, साठ वर्षांपूर्वी इस्राएलला गेलेले कोकणातले ज्यू. अकरा जणांचा गट बारा दिवस कोकणात गावं बघत फिरला. ह्यांची आडनावंच गावांची. नवगावकर नवगावला उभे राहिले, पेणकर पेणला, आणि प्रत्येकाने आपापल्या गावच्या कब्रस्तानात, त्यांच्या रीतीप्रमाणे, पणजोबांच्या दगडावर खडा ठेवला. आठ जण मुंबईहून परतले. तिघे बेंगळुरूला आले, कारण मलकाबाईंचे वडील, एलोजी झिराडकर, इथल्या विमानाच्या कारखान्यात फिटर होते आणि इथेच पुरले गेले. ते तिघे म्हणजे मलकाबाई, त्यांचा धाकटा भाऊ शालोम, ज्याला त्या चौऱ्याहत्तराव्या वर्षीही 'बाळ' म्हणत, आणि नात याएल. शिवाय सहल काढणारा श्रीहरी. तो इथलाच, चार पिढ्यांचा बेंगळुरूकर मराठा.

पुस्तक झिराड गावात मिळालं. शेजारच्या घराने साठ वर्षं लाकडी पेटीत जपून ठेवलेलं. छपाई हिब्रू आणि मराठी, कोऱ्या पानांवर एलोजींच्या हातची नोंद. जन्म, लग्नं, मृत्यू. शुक्रवारी संध्याकाळी, त्यांचा शब्बाथ, म्हणजे शनिवार रात्रीपर्यंत कसलंही काम न करण्याचा दिवस, लागायच्या आधी, मलकाबाईंनी माझा हात धरला होता.

"तू वाचशील ना गो मला ते? माझ्याच्याने वाचवत नाही, याएलला मराठी अक्षर येत नाही, आणि बाळ म्हणतो बाबांचं अक्षर लागत नाही. मला त्यातलं एक नाव हवंय. रविवारी आधी बाबांना भेटून येते, मग वाच."

"कुणाचं नाव?"

"ते मिळालं की सांगेन. नाही मिळालं तर इतक्या लांब उगाच आले म्हणायचं."

सोमवारी रात्री त्यांचं विमान होतं. आणि रविवारी दुपारी आम्ही सगळे त्या वेळापत्रकाकडे बघत उभे होतो. तेवढ्यात श्रीहरी जिन्याकडे बोट दाखवून हळूच म्हणाला, "अक्का, सकाळी आम्ही कब्रस्तानात, तुम्ही दोघे बाजारात. घरात कोण होतं?"

जिन्यावर भाग्यलक्ष्मी उभी होती, हातात केरसुणी.

२

भाग्यलक्ष्मी अठरा वर्षं आमच्याकडे काम करते. मारतहळ्ळीची, तिथेच जन्मलेली, त्या गावाला काचेच्या इमारती फुटायच्या आधीची. तिला मराठी समजतं आणि संशय तर कुठल्याही भाषेत समजतो.

"नानल्ल अक्का," ती म्हणाली. मी नव्हे. आणि मग रडायलाच लागली. रडता रडता तिने आणखी एक तक्रार माझ्या अंगावर टाकली. वरच्या खोलीतली एक उशी उघडी पडली होती, पांढरा अभ्रा नाहीसा. "दिंबु कवर ओंदु इल्ल. ते पण मीच नेलं म्हणाल!"

मला श्रीहरीचा राग आला, खरं सांगते. काही हरवलं की सगळ्यांत आधी केरसुणीकडे बघायचं, ही आपली जुनीच खोड. पण रागावून पुस्तक मिळत नाही.

आमच्या तपासणी विभागात एक रीत होती. माल बिघडलेला आला की तो कुठे बिघडला हे कुणी विचारायचं नाही. कुठपर्यंत चांगला होता ते विचारायचं. मग बिघाड आपोआप दोन टेबलांच्या मध्ये सापडतो.

"पुस्तक शेवटचं कधी पाहिलंत?"

"शुक्रवारी दिवे लावायच्या आधी मी स्वतः फडक्यात बांधलं," मलकाबाई म्हणाल्या. "आज सकाळी निघताना त्याला हात लावून ओठांना लावला. पण आत काय होतं ते कुठे पाहिलं?"

"अहो, आणि वेळापत्रक?"

"काल रात्री साडेआठपर्यंत माझ्या हातात होतं," पद्माकर म्हणाले. "श्रीहरीला मडगावची गाडी सांगितली आणि बैठकीच्या फळीवर ठेवलं. आज सकाळी सात वाजता बघतो तर जागेवर नाही."

"सात वाजता? नक्की?"

"बातम्या सुरू होत होत्या."

भाग्यलक्ष्मी रविवारी नऊला येते. तिने केरसुणी हातात धरण्याच्या दोन तास आधीच वेळापत्रक फळीवरून उठलं होतं. मी सगळ्यांसमोर तिला तसं सांगितलं. तिने पदराने डोळे पुसले, श्रीहरीकडे असं बघितलं की तो चप्पल शोधायला लागला, आणि ती भांड्यांकडे गेली.

म्हणजे अदलाबदल शनिवारी रात्री साडेआठ ते रविवारी सकाळी सात ह्या वेळात झाली होती. तेव्हा घरात फक्त आम्ही दोघे, तीन पाहुणे आणि खालच्या खोलीत झोपलेला श्रीहरी. चोर बाहेरून आलाच नव्हता. त्याने माझ्या हातचे पोहे खाल्ले होते.

३

श्रीहरीला मी अंगणात गाठलं. तो मुकाट्याने पारिजातकाखाली बसला होता.

"तू ते पुस्तक तीनदा मागितलंस म्हणे?"

"अक्का, लपवत नाही. पानांचे फोटो पाहिजे होते. पुढच्या सहलीच्या माहितीपत्रात असं एखादं पान म्हणजे काय हो! पण मलकाअज्जी म्हणाल्या, आत काय आहे ते मला कळल्याशिवाय कुणी फोटो काढायचा नाही. सरी, ठीक आहे म्हटलं. फोटो पाहिजे असलेला माणूस पुस्तक कशाला गायब करेल?"

बोलणं तर्काला धरून होतं. तरी मी सकाळची हकीकत विचारली.

"कब्रस्तानात गेलो. राखणदार मल्लाप्पाने फाटक उघडलं. ह्यांनी प्रार्थना म्हटली, अज्जींनी खडा ठेवला. मग अज्जी आणि याएल गाडीत येऊन बसल्या, ऊन फार होतं. बाळकाका झोळी घेऊन मागे राहिले. मल्लाप्पाकडून खुरपं घेतलं, वडिलांच्या दगडाभोवतीचं गवत काढलं. पाऊण तास. बिचारे घामाघूम."

"आणि मग?"

"मग हात धुतले. कब्रस्तानातून निघताना हात धुतातच ते लोक. पण काकांनी नखांतली माती काढायला आणखी दोन तांबे पाणी घेतलं."

मी आत आले. बैठकीत याएल एकटी होती. पोरगी गोड. आजीकडून शिकलेलं मराठी सगळं स्वयंपाकघरातलं, त्यामुळे तिला 'फोडणी' येते आणि 'पुरावा' येत नाही. वेळ जाईना म्हणून तिने टीपॉयवरचं एक रंगीत मासिक ओढलं, मांडीवर घेतलं आणि उघडलं.

मी जागच्या जागी थांबले.

तिने ते मागून उघडलं होतं. पाठ उजव्या हाताला, शेवटचं पान आधी. मग हसली, जीभ चावली आणि मासिक फिरवलं. "नेहमी असंच होतं कल्पनामावशी. हात ऐकत नाहीत."

हिब्रू पुस्तकं उजवीकडून उघडतात. ज्याच्या हाताला ती सवय आहे तो पुस्तक ठेवतानाही पाठ उजवीकडे ठेवतो. आपल्या पुस्तकाचं मग काय होतं? मागचं कव्हर वर येतं. कुकरची जाहिरात वर, सरळ वाचता येईल अशी.

घाईत वेळापत्रक फडक्यात ठेवणाऱ्याने सगळी काळजी घेतली होती. आकार साधारण तोच निवडला, गाठही तशीच मारली. फक्त स्वतःच्या हातांवर लक्ष ठेवायचं राहिलं. श्रीहरीचा हात ही चूक करणार नाही, माझा किंवा पद्माकरांचा तर नाहीच.

राहिले तिघे. मलकाबाई, त्यांची नात आणि त्यांचा भाऊ. चोरी घरातलीच होती आणि ज्यांचं पुस्तक त्यांच्यापैकीच कुणाची तरी.

४

मलकाबाईंना ते पुस्तक हवं होतं, त्यांचा प्रश्न नव्हता. याएलला ते वाचताच येत नव्हतं. आणि एक गोष्ट मला मघापासून खुपत होती. पुस्तक मिळून आठ दिवस झाले होते. गाडीत, विमानात, तीन मुक्कामांत ते मलकाबाईंच्या उशाशी राहिलं. तेव्हा कुणी हात लावला नाही. गेलं कधी? मी ते वाचून दाखवायचं कबूल केल्यावर. चोराला पुस्तक नको होतं. ते वाचलं जायला नको होतं.

पण बाळकाका म्हणत होते, अक्षर लागत नाही. ज्याला वाचताच आलं नाही तो कशाला घाबरेल?

मी स्वयंपाकघरातून पद्माकरांनी लिहिलेली किराण्याची यादी उचलली. ह्यांचं अक्षर म्हणजे काय सांगू! लग्नाआधी मला आलेलं पहिलं पत्र मी माझ्या वडिलांसमोर निर्धास्त उघडलं होतं, कारण त्यात काय लिहिलंय ते मलाही कळणार नव्हतं.

बाळकाका गच्चीवर होते. उंच, सावळा, किडकिडीत माणूस, डोक्यावर कापडी टोपी. आयुष्यभर बंदरात क्रेन चालवलेले. मी पापडाचं ताट आणि यादी घेऊन गेले.

"काका, दुकानात फोन करायचाय, चष्मा खाली राहिला. एवढं वाचता का?"

त्यांनी यादी लांब धरली. "शाबुदाणा अर्धा किलो. धणे. कोकम, आगळ नव्हे, ह्याच्याखाली रेघ आहे. पोहे, जाड. आणि हे... जिरं. नाही, ओवा." एवढं धडाधड वाचून त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि चेहरा पडला. बहुतेक माझ्या चेहऱ्यावर दिसलं असावं.

"ओवा मलाही लागला नसता," मी म्हटलं. "आणि फिटर माणसाचं टाकाने लिहिलेलं अक्षर तुम्हाला लागलं नाही?"

त्यांनी यादीची बारीक घडी घातली. खाली रस्त्यावर पाण्याचा टँकर मागे घेताना शिट्टी वाजवत होता. मी थांबले. तपासणीत घाई करणारी माणसं चांगला भाग फेकतात.

"कल्पनाताई," शेवटी ते म्हणाले, "पुस्तक नाही माझ्याकडे. माझी बॅग बघा. शपथेवर सांगतो."

आणि गंमत अशी की माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

५

खाली येऊन मी मलकाबाईंजवळ बसले. त्या खिडकीत बसून होत्या, निळं फडकं मांडीवर. रडत नव्हत्या, पण ते फडकं घडी घालत होत्या आणि मोडत होत्या. मला फार वाईट वाटलं.

"एक विचारू? आमच्याकडे पोथी जीर्ण झाली, पानं सुटायला लागली, की वाहत्या पाण्यात सोडतात. देवाचं नाव असतं ना, केरात कसं टाकणार. तुमच्याकडे काय करतात?"

"आम्ही पुरतो," त्या म्हणाल्या. "माणसासारखं. जाळायचं नाही, फाडायचं नाही, टाकायचं तर नाहीच. पांढऱ्या कापडात गुंडाळायचं आणि कब्रस्तानात पुरायचं."

मी उठून पुन्हा गच्चीवर गेले. ह्या वेळी पापड नेले नाहीत.

"बाळकाका, मी सांगते, चुकलं तर थांबवा. तुम्हाला ते पुस्तक कुणी वाचायला नको होतं. दुसरा कुणी असता तर त्याने गॅसवर धरलं असतं, नाहीतर टँकरमागच्या गटारात टाकलं असतं. तुमच्याच्याने ते होईना. देवाचं नाव असलेलं पुस्तक नष्ट करायचा एकच रस्ता तुम्हाला मोकळा होता. शनिवारी रात्री शब्बाथ संपल्यावर ते काढलंत, माझ्या उशीच्या अभ्र्यात गुंडाळलंत, सकाळी झोळीतून कब्रस्तानात नेलंत. गवत काढायला पाऊण तास लागत नाही, काका. ते वडिलांच्या दगडाशी आहे. म्हणून तर तुमच्याकडे नाही."

त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. मग कठड्याला टेकून बसले.

"अभ्रा मी नवीन आणून देईन."

"अभ्र्याचं राहू द्या. त्यात काय लिहिलंय?"

"माझी बहीण माझी बहीण नाही," बाळकाका म्हणाले.

विमानाच्या कारखान्याजवळच्या चाळीत शेजारी एक जोडपं होतं. बेळगावकडचं, हमाली करायला आलेलं. बाई पहिल्याच बाळंतपणात गेली. एलोजी आणि त्यांच्या बायकोला लग्नाला दहा वर्षं होऊन मूल नव्हतं. त्या बापाने पोर ह्यांच्या ओटीत घातली. सहा वर्षांनी बाळकाका झाले, आणि कुणी कधी अवाक्षर काढलं नाही.

"मला आठ दिवसांपूर्वी कळलं. झिराडहून निघालो तेव्हा गाडीत वाचलं. ती समोर झोपली होती, तोंड थोडं उघडं. बाबा गेले तेव्हा मी सात वर्षांचा. हिने मला शाळेत पोचवलं, बोटीवर हिने माझं बोट धरलं. आम्ही तिकडे उतरलो तेव्हा लोकांनी आम्हाला विचारलं होतं, तुम्ही खरे आमच्यातले का? वर्षानुवर्षं विचारलं. तेव्हा ताई सगळ्यांपुढे उभी राहून भांडली. आता ऐंशीव्या वर्षी तिला मी सांगू, की तू झिराडकर नाहीस? गेल्या आठवड्यात झिराडला जमिनीला हात लावून रडली हो ती!"

त्यांचे डोळे वाहत होते. माझेही.

"पुस्तक पुरलं तर निदान बाबांच्या शेजारी राहील असं वाटलं. तुम्ही नाही सांगणार ना तिला?"

मी उत्तर देणार तोच मागून आवाज आला.

"ती कशाला सांगेल? तू सांग की."

जिन्याच्या दारात मलकाबाई होत्या, याएलच्या खांद्यावर हात ठेवून.

६

"एवढे जिने चढून आलीस?" बाळकाका धडपडत उठले.

"पोथीचं काय करता म्हणून कल्पनाने विचारलं आणि तडक वर पळाली. मी काय दुधखुळी आहे? डोळे गेलेत, डोकं नाही." त्या खुर्चीत बसल्या आणि दम खात राहिल्या. मग म्हणाल्या, "त्यात माझ्या आईचं नाव होतं ना रे?"

बाळकाका त्यांच्या खुर्चीपाशी येऊन बसले.

"आय जाताना मला सांगून गेली. बत्तीस वर्षं झाली. म्हणाली, तू माझ्या पोटची नाहीस, पण पोटच्याहून काही कमी नाहीस. तुझी खरी आई बेंगळुरूला मातीत आहे. मी नाव विचारलं. तिला आठवेना. म्हणाली, ह्यांनी पुस्तकात लिहिलंय. आणि पुस्तक कुठे, तर आपल्या काकांनी हिंदुस्थानात कुणाकडे तरी ठेवलं. बत्तीस वर्षं मी त्या पुस्तकाच्या मागे आहे, बाळ. ही सहल मी श्रीहरीकडे काय कब्रस्तानं मोजायला ठरवली?"

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुला?" मलकाबाई हसल्या, पण आवाज ओला झाला. "तुला एकच बहीण. ती पण नाही म्हणून सांगू? मला भीती वाटली, तू मला ताई म्हणायचा थांबशील."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो हा असा. एकाने आठ दिवस लपवलं, एकीने बत्तीस वर्षं, आणि दोघांनी एकमेकांसाठीच. याएलला निम्मं समजलं असेल नसेल, पण ती दोघांच्या मध्ये जाऊन बसली. मी पद्माकरांना चहा टाकायला सांगायला खाली गेले, म्हणजे खरं तर डोळे पुसायला.

परत आले तेव्हा मलकाबाई विचारत होत्या, "नाव काय रे तिचं?"

बाळकाकांनी ते नाव घेतलं नाही. "मी नाही सांगणार. बाबांच्या हातचं वाचून घे," ते म्हणाले. "मीच पुरलंय, मीच काढतो."

७

सोमवारी सकाळी मल्लाप्पाने काही न विचारता खुरपं पुढे केलं. पुस्तक वीतभरच खोल होतं. माझा अभ्रा मातीने माखला होता, पण आतली पानं कोरडी. मी एलोजींच्या दगडापाशी उकिडवी बसले आणि वाचलं.

"१४ मार्च १९४४. पिराजीची यल्लव्वा पहाटे बाळंत होऊन वारली. मारतहळ्ळीच्या तळ्याकाठी, गावच्या मसणवटीत तिला मूठमाती दिली. मुलगी जिवंत. पिराजीने ती आमच्या ओटीत घातली. नाव मलका ठेवले. देवाने दहा वर्षांनी घरात लेक दिली. यल्लव्वाचे उपकार फिटणार नाहीत."

"यल्लव्वा," मलकाबाई म्हणाल्या. एकदा नव्हे, चार-पाच वेळा. ऐंशी वर्षांत पहिल्यांदा आईला हाक मारायची तर आवाज केवढा काढायचा, हे ठरवत असल्यासारख्या.

आता तळ्याकाठची मसणवट कुठे शोधायची? पद्माकर फोनवर जुने नकाशे उघडायला लागले. मी घरी फोन लावला. भाग्यलक्ष्मी ऐकून घेऊन म्हणाली, "अक्का, ती तर आमच्या गावची रुद्रभूमी. माझी सासू तिथेच आहे. चारी बाजूंनी कंपन्या आल्या, पण ती जागा कुणी हलवली नाही. महालय अमावास्येला आम्ही जातो ना! मी फाटकाशी येते, थांबा."

विमान रात्री साडेअकराचं. म्हैसूर रोडवरच्या कब्रस्तानापासून मारतहळ्ळीला पोचायला आम्हाला दोन तास सत्तावीस मिनिटं लागली. पद्माकरांनी मोजली.

फाटक एका टेक पार्कचं होतं. गळ्यात पट्टे लटकवलेली मुलं यंत्राला कार्ड दाखवून आत जात होती. भाग्यलक्ष्मी ठेवणीतली साडी नेसून उभी होती. श्रीहरीने तिच्यासाठी वाटेत मोगऱ्याचा गजरा घेतला होता. तो त्याने खाली मान घालून तिला दिला. तिने घेतला, पण लगेच माळला नाही.

खिडकीतल्या पहारेकऱ्याच्या खिशावर मानसिंग असं नाव होतं. भाग्यलक्ष्मीने त्याला कन्नडमध्ये समजावलं, श्रीहरीने हिंदीत. मागच्या भिंतीशी ती जागा आहे हे त्याला माहीत होतं. अमावास्येला गावचे लोक येतात, त्या दिवशी नोंद लागत नाही. पण आज सोमवार, कामाचा दिवस. त्याने जाडजूड रजिस्टर सरकवलं.

मी पेन घेतलं. नाव, मलका. फोन, माझा दिला. वेळ, एक वाजून दहा मिनिटं. पुढचा रकाना होता, कुणाला भेटायचं.

तिथे माझं पेन थांबलं.

"मैडम, वो खाली नहीं छोड़ सकते," मानसिंग म्हणाला. "किससे मिलना है, लिखना पड़ेगा."

मागे रांग लागली होती. मलकाबाईंनी मला विचारलं, काय झालं गो? मी सांगितलं. त्यांनी बाळकाकांकडे मान वळवली.

तेव्हा बाळकाका पुढे आले. त्यांनी माझ्या हातातलं पेन घेतलं, रजिस्टर स्वतःकडे ओढलं आणि त्या रकान्यात मोठ्या, स्पष्ट अक्षरांत लिहिलं, 'आमची आई'.

मानसिंगने वाचलं. रजिस्टर मिटलं आणि आम्हा सगळ्यांसाठी पास फाडायला घेतले.